सहाची सभा

हैदराबादच्या कोठी भागातल्या मराठी सभेची वेळ सहाची असते आणि सभा सातला सुरू होते. यात फसवणूक कुणाचीच होत नाही, कारण दोन्ही वेळा सगळ्यांना पाठ असतात. सातची वेळ छापली तर लोक आठला येतील, हे पत्रिका छापणाऱ्याला ठाऊक असतं. आणि सहाला पोचलं तर खुर्च्या अजून भिंतीला टेकून उभ्या असतील, हे येणाऱ्याला. तरीही सहाला येणारे असतातच. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी, पिशवीत छत्री, पाण्याची बाटली आणि गोळ्यांची डबी. आत येऊन ते स्वतःच चार खुर्च्या मांडतात, तीन ओळखीच्यांसाठी रुमाल टाकून अडवतात आणि चौथीवर बसून समाधानानं म्हणतात, "अजून कुणीच नाही वाटतं!" जवळच, सुलतान बाजारात, १८६५ सालचा घड्याळाचा मनोरा उभा आहे. त्याच्याकडे बघून हातातलं घड्याळ लावणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

हा सहा ते सातमधला तास मला फार आवडतो. व्याख्यान कोणत्याही विषयावर असो, या तासाचे विषय ठरलेले: कुणाच्या गुडघ्याचं काय झालं, कुणाच्या नातवाला अमेरिकेत कुठल्या गावी नोकरी लागली, बडी चावडीतला कुणाचा वाडा पडून तिथं कपड्यांचं दुकान झालं. एखादं नाव निघतं आणि मग जरा थांबून, आवाज उतरवून, "गेले की ते, श्रावणात," असं कुणीतरी सांगतं. ऐकणारा हळहळतो आणि शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल हळूच उचलून खिशात ठेवतो. व्याख्याते येतात तेव्हा कुठे लोकांना आठवतं, की आपण कशासाठी आलो होतो.

एरवी कोठी ही काही थांबण्याची जागा नव्हे. बसमधून उतरलं की गर्दीच पाय ठरवते. बँक स्ट्रीटवरून आलात तर चार्जर, रिमोट, स्पीकर आणि त्यांच्या सुट्या भागांचे ढीग; दुसऱ्या बाजूनं आलात तर जुनी पुस्तकं, डॉक्टरीची, वकिलीची, स्पर्धा परीक्षांची, कडेला पेन्सिलीनं कुणाची तरी नावं लिहिलेली. सुलतान बाजारात ओढण्या आणि बांगड्या. पावलापावलाला "आओ अम्मा, देखो अम्मा" अशी साद. कान-नाक-घशाचं सरकारी इस्पितळही इथलंच, आणि मला ते फार योग्य जागी वाटतं. या चौकात दिवस काढल्यावर तिन्ही अवयवांना त्याची गरज लागतेच. या सगळ्या गलक्याच्या मध्ये, झाडांआड, जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी आहे: उंच खांब, रुंद पायऱ्या, पायऱ्यांशी दोन सिंह. इंग्रजांचा रेसिडेंट किर्कपॅट्रिक साहेबानं ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारायला घेतली. त्याची बेगम खैरुन्निसा पडद्यातली. तिला दर्शनी भाग बघता यावा म्हणून त्यानं जनान्याच्या बागेत या वास्तूची छोटी प्रतिकृती बांधून दिली, अशी आख्यायिका आहे. पुढे १९४९ साली याच वास्तूत उस्मानिया विद्यापीठाचं मुलींचं महाविद्यालय आलं आणि २०२२ साली त्याचं महिला विद्यापीठ झालं. जिथं एकीला समोरून घर बघण्याची सोय नव्हती, तिथं आता हजारो मुली त्या सिंहांच्या पाठीवर दप्तर टेकवून फोटो काढतात. सिंहांचा चेहरा मात्र साहेबाच्या काळातलाच आहे, कंटाळलेला.

सभेची तारीख ठरवणं हे कोठीत नाजूक काम. चिटणीस आधी पंचांग बघतात, मग व्याख्यात्यांची सोय, आणि मग नळ. हैदराबादेत बहुतेक भागांत पाणी एक दिवसाआड येतं. कुणाच्या गल्लीत सोमवार-बुधवार, कुणाच्या मंगळवार-गुरुवार. आणि येण्याची वेळ अशी, की माणूस घरातून निघाला रे निघाला की नळ फुरफुरतो. महिला मंडळाच्या बैठकीत मी स्वतः ऐकलेला संवाद असा: "काकू, रविवारी संध्याकाळी कविसंमेलन ठेवावं म्हणतो." "ठेवा की. पण रविवारी आमच्याकडे पाणी आहे." "मग शनिवारी?" "शनिवारी ह्यांच्याकडे आहे." शेवटी कविता आणि पाणी यांच्या मधला एक कोरडा दिवस शोधून काढावा लागला. एवढं करून एक कवयित्री आपली पाळी येण्याआधीच उठल्या, कारण घरून फोन आला होता की टँकर आलाय. त्यांची कविता पावसावर होती.

गंडीपेटचं पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, असं इथं म्हणतात. गंडीपेट म्हणजे उस्मानसागर. २८ सप्टेंबर १९०८ला मुसी नदी अशी कोपली, की कोठीच्या खालची अफझलगंजची वस्ती हां हां म्हणता वाहून गेली. तिथल्या इस्पितळाच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली. ते झाड आजही आहे. पुन्हा असं होऊ नये म्हणून विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेतला गेला आणि १९२० साली गंडीपेटला धरण झालं. पुरापासून वाचण्यासाठी बांधलेलं पाणी मग शहर पिऊ लागलं आणि त्याच्या चवीची म्हण झाली. आमच्या घरी कुणी बदली होऊन पुण्याला निघालं की आजी म्हणायची, "जाऊ दे, येईल परत. पाणी ओढतंय." ते परत यायचे नाहीत. पण पुण्याच्या पाण्याला नावं ठेवणारी पत्रं मात्र वर्षानुवर्षं यायची.

तारीख ठरली की परवानगी. पोलिसांकडे अर्ज, लाउडस्पीकरचा अर्ज, रस्त्यावर कमान उभारायची तर महापालिकेचा आणखी एक. अर्ज तेलुगूत किंवा इंग्रजीत, बोलणी दखनी उर्दूत, आणि बाहेर पडल्यावरची कुरकुर मराठीत. पण हे सगळं आज निव्वळ कागदांचं काम आहे. निजामी अमलात ‘गश्ती निशान ५३’ नावाचं फर्मान होतं, आणि त्यानुसार सभा भरवायची तर आधी सरकारची मंजुरी लागे. कोण बोलणार, काय बोलणार, कुठे बोलणार, सगळं सरकारला आधी कळलं पाहिजे. आमच्या काही व्याख्यात्यांना स्वतःलाच बोलता बोलतादेखील हे कळलेलं नसतं. त्यांनी त्या काळी काय केलं असतं देव जाणे. राजकारणाचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून लोक वाचनालयं काढत, शाळा काढत, समाजसुधारणेच्या परिषदा भरवत. या भागात आणखी एक सोय होती. रेसिडेन्सीभोवतीच्या बाजारात बरीच वर्षं इंग्रजांचा कायदा चाले, निजामाचा नाही. १८९२ साली सुलतान बाजारात आर्य समाज स्थापन झाला. १ सप्टेंबर १९०१ला श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय निघालं. ते काढणाऱ्यांत कोमर्राजू लक्ष्मणराव होते; हे गृहस्थ नागपूरला शिकलेले, मराठीत लेख लिहिणारे. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक या मंडळींच्या खटपटीनं विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली. हैदराबादच्या मराठी माणसाला कोणत्याही कार्यक्रमाचा पत्ता सांगताना आजही "विवेकवर्धिनीपासून" अशीच सुरुवात करतात, मग ती जागा तिथून कितीही लांब असो.

तर परवानगी मिळते, सात वाजतात, आणि दीपप्रज्वलन येतं. समई पेटवायची तर पंखे बंद करावे लागतात. एप्रिलचा हैदराबादी उन्हाळा, छताचे सगळे पंखे एकदम थांबतात आणि सभागृहात असा सन्नाटा पसरतो, की आतापर्यंत आपण गप्पा मारत होतो की पंखे, असा प्रश्न पडावा. पहिली काडी विझते. दुसरी अर्धी जळते. प्रमुख पाहुणे मेणबत्ती धरून पाचही वातींना नमस्कार केल्यासारखे वाकतात. चार पेटतात, पाचवी तेलात बुडालेली असते. तेवढ्यात फोटोवाला म्हणतो, "सर, जरा इकडे बघा," आणि सर तिकडे बघतात तेव्हा पेटलेल्यांतली एक विझते. श्रोते पत्रिकांनी वारा घेत असतात. मग स्वागतगीत होतं, पुष्पगुच्छ होतात, परिचय होतो, पंखे बंदच. सांगणार कोण? ज्यानं बंद केले तो फराळाची व्यवस्था बघायला गेलेला. अखेर मागच्या रांगेतून एक आजोबा उठतात, भिंतीचा आधार घेत बटणांपर्यंत जातात आणि सगळी बटणं एकदम दाबतात. व्याख्यात्यांची टिपणं हवेत उडतात आणि पहिल्या रांगेतल्या महिला ती गोळा करून देतात, आपापल्या क्रमानं. माझं प्रामाणिक मत असं, की अशा वेळी पुढची भाषणं सुधारतात. एकदा मध्ययुगीन संतांवरचं भाषण समारोपापासून सुरू झालं आणि संत आधीच मोक्षाला पोचल्यामुळे सगळ्यांनाच मोकळं वाटलं.

माइकवाल्याचं मात्र निराळं. तो मराठीभाषक नाही, पण इतकी वर्षं मराठी सभांना माइक लावत आलाय, की मराठी वक्तृत्वाचा त्याच्याइतका जाणकार शहरात नसेल. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" हे त्याचं उद्घाटनाचं भाषण. त्याला टाळ्या पडत नाहीत याचंच मला नवल वाटतं. चिटणीस येऊन विचारतात, "भाई, माइक बराबर चालू है ना?" तो म्हणतो, "माइक तो चालू है साब, अब तुम चालू हो जाओ." भाषण सुरू झालं की तो भिंतीला टेकून डोळे मिटतो. वक्ते म्हणतात, "आता शेवटी एवढंच सांगतो..." तो हलत नाही. "सरतेशेवटी..." तो हलत नाही. "वेळेअभावी..." एक डोळा उघडतो, पुन्हा मिटतो. पण "आपण शांतपणे ऐकून घेतलंत" हे शब्द आले, की तो उठून वायर गुंडाळायला लागतो. त्याचा अंदाज मी कधी चुकलेला पाहिला नाही. श्रोत्यांतले बरेच जण वक्त्याकडे न बघता त्याच्याकडेच बघत बसतात.

शांतपणे ऐकून घेण्यावरून आठवलं. विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात १२ नोव्हेंबर १९२१ला निजाम राज्याची समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवेशी लग्न केलं म्हणून ज्यांना स्वतःच्या गावानं वाळीत टाकलं होतं आणि ज्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं होतं, तेच. सुधारणेचा एवढा मोठा माणूस व्यासपीठावर, सभागृहात शिकलीसवरलेली मंडळी, बहुसंख्य मराठी. ठराव होत होते, भाषणं होत होती: इंग्रजीत, उर्दूत, मराठीत. मग अलंपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तेलुगूत सुरुवात केली. आणि सभेनं गलका केला. टाळ्या, हुर्यो, खाली बसा. ज्या राज्यात सर्वांत जास्त लोक तेलुगू बोलणारे, त्याच्या राजधानीत तेलुगूत बोललेलं मराठी सुधारकांना सोसेना. वेंकटरामाराव खाली बसले. त्याच रात्री अपमान वाटलेले काही तेलुगू गृहस्थ टेकुमाल रंगाराव वकिलांच्या घरी जमले. बारा-एक माणसं असतील. तिथं आंध्र जनसंघ स्थापन झाला. त्याची पुढे आंध्र महासभा झाली, तिचं पहिलं अधिवेशन १९३० साली जोगीपेटला भरलं, आणि तेलंगणाच्या सार्वजनिक जीवनाला तिथून पाय फुटले. तेलुगू इतिहासाच्या पुस्तकांत ती संध्याकाळ ठळक आहे. आमच्या स्मरणिकांत परिषदेचा उल्लेख येतो तेव्हा कर्वे येतात, ठराव येतात, नाट्यगृहाची भव्यता येते. हुर्यो छपाईतून सुटते.

मी त्या संध्याकाळचा विचार पुष्कळदा करतो, विशेषतः पंखे बंद असतात तेव्हा. गलका करणारी ती माणसं वाईट नसणार. इस्त्रीचे सदरे घातलेली, सहाला येऊन खुर्च्या अडवणारीच असणार. कचेरीत दिवसभर उर्दू, न्यायालयात उर्दू, साहेबाशी इंग्रजी; आपल्या भाषेत मोठ्यानं बोलायची आणि ऐकायची एवढीच एक जागा, आणि तिथंही कुणी दुसऱ्या भाषेत बोलायला लागलं. पण उभा राहिलेला तो वकील तरी आणखी काय मागत होता? त्याच्यावर उर्दू जितकी लादलेली, तितकीच यांच्यावरही. दोन तहानलेली माणसं एकाच नळावर भांडावीत तशातला हा प्रकार, आणि नळ तिसऱ्याच्या मालकीचा.

पुढे १९४८ साली निजामी संपली, मग १९५६ झालं. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला, आणि राजधानी आंध्र प्रदेशात. कोठीतले मराठी लोक बडी चावडीत, इसामिया बाजारात, काचीगुड्यात आपापल्या ओसरीवर बसून राहिले आणि राज्यं त्यांच्याभोवती सरकली. २०१४ साली तेलंगणा वेगळं झालं तेव्हा पुन्हा एकदा सरकली. आता गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी, नातवंडांशी इंग्रजी. मराठी घरात उरलीय, पण घरातली मराठी ही हळू आवाजातली मराठी असते: चहा ठेव, दार लाव, औषध घेतलं का. मोठ्यानं मराठी फक्त सभेत. मराठी साहित्य परिषदेत, मराठी ग्रंथसंग्रहालयात, गणेशोत्सवाच्या मांडवात. माझ्या ओळखीचे एक काका आयुष्यभर बँकेत होते, अतिशय अबोल. निवृत्तीनंतर सभेत कुणाच्याही भाषणानंतर प्रश्न विचारायला उभे राहतात. प्रश्न नसतोच, लांबलचक निवेदन असतं, विषयाशी फारसा संबंध नसलेलं, बालपणीच्या परभणीपासून सुरू होणारं. पूर्वी मला त्यांचा कंटाळा यायचा. हल्ली मी माइक त्यांच्याकडे सरकवतो.

आणि आताशा प्रमुख पाहुणे पुष्कळदा तेलुगूभाषक असतात: कुणी अधिकारी, कुणी नगरसेवक. ते उठतात, "अंदरिकी नमस्कारम" म्हणतात आणि तेलुगूतच पुढे जातात. सभा अगदी शांत असते. अर्ध्यांना सगळं कळतं, अर्ध्यांना अर्धं. मध्येच त्यांना एक मराठी वाक्य पाठ करून दिलेलं असतं, ते म्हणताना अडखळतात, आणि तेव्हा असा टाळ्यांचा कडकडाट होतो, की मूळ मराठी वक्ते जरासे खट्टू होतात.

आभारप्रदर्शनाच्या वेळी मात्र सगळी भाषिक सहिष्णुता संपते, कारण बसची वेळ झालेली असते. जुनी मराठी घरं कोठीतून उठून आता कुकटपल्ली, निजामपेट, एल. बी. नगरला गेली आहेत. मेट्रो सुलतान बाजारच्या डोक्यावरूनच जाते, पण गुडघ्यांना जिने नकोत आणि सवयीला बस हवी. इथल्या सरकारी बसला तशी खानदानी परंपरा आहे. १९३२ साली निजामाच्या रेल्वेनं सत्तावीस बसगाड्यांवर ती सेवा सुरू केली, आणि गाड्यांच्या नंबरातलं ‘झेड’ हे अक्षर निजामाच्या आईच्या, जहरा बेगमच्या नावाचं, असं जुने हैदराबादी अभिमानानं सांगतात. म्हणजे शहरातला प्रत्येक जण कुणाच्या तरी आईच्या नावाच्या गाडीत लोंबकळत असतो. ९ डिसेंबर २०२३पासून तेलंगणात बायकांना बसप्रवास फुकट झाला आणि सभांची उपस्थिती बदलली. पूर्वी काका येत आणि काकू घरी राहत. आता काकू येतात आणि काका तिकिटाचा हिशोब करत मागून येतात.

मागच्या सभेनंतर असंच एक जोडपं माझ्या पुढच्या बाकावर होतं. कंडक्टर बाईंनी काकूंचं आधार कार्ड बघून त्यांना शून्य रुपयांचं तिकीट दिलं. काकांनी पैसे काढले. त्यांच्याबरोबर नांदेडहून आलेली मेहुणी होती. तिच्या आधारवर महाराष्ट्र, म्हणून तिचंही तिकीट काकांनाच काढावं लागलं.

"बघा," काकू म्हणाल्या, "सत्तर वर्षं मराठी मराठी केलंत, शेवटी तेलंगणाची म्हणूनच माझं तिकीट वाचलं."

काका काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी आजच्या वक्त्यावर टीका सुरू केली: लांबण लावली, संदर्भ चुकीचे, आवाज पोचत नव्हता.

"पुढच्या महिन्यात मी बोलणार आहे," काकू म्हणाल्या.

"तू?"

"महिला मंडळानं नाव दिलंय माझं. आईच्या ओव्यांवर."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं म्हणाल्यात."

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. बस पुतळीबावलीच्या वळणावर थांबली होती आणि खाली एक फळवाला शेवटची मोसंबी अर्ध्या भावात ओरडून विकत होता.

"पाच मिनिटांत काय होतंय," काका म्हणाले. "पंधरा मागून घे."